काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्वच्छ करून, तिचा आकार पूर्ववत करून तिच्यात नवे प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी (किंवा छर्रे) बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत नेमबाज व शिकारी ही प्रक्रिया घरच्या घरी करतात. त्यासाठी घराच्या एखाद्या कोपऱ्यात मांडलेल्या कामाच्या मेजाला पुनर्भरणाचा बाक असे म्हणता येईल. भारतात मात्र काडतुसाची निर्मिती, त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री ही सर्व शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतात. त्यामुळे इतरत्र छंद मानली जाणारी ही कृती भारतात विनापरवाना केल्यास गंभीर गुन्हा ठरते.

संज्ञा

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असे मानले जाते. काडतुसाच्या धातूच्या नळीवजा कवचास ‘पुंगळी’ म्हणतात; गुन्ह्यांच्या पंचनाम्यांत व वृत्तपत्रांतही हाच शब्द रूढ आहे. न झाडलेल्या काडतुसास ‘जिवंत काडतूस’ असे म्हटले जाते. ठासणीच्या बंदुकीच्या काळातील ‘बार भरणे’, ‘बार उडवणे’ हे शब्दप्रयोग आजही भाषेत टिकून आहेत. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार दारू पुरेशी न पेटल्याने वाया गेलेल्या बारावरून आला आहे. पुनर्भरण करणाऱ्यास मात्र फुसका बार हा प्रत्यक्षातील आणि अतिशय धोकादायक प्रसंग असतो (पाहा : धोके).

काडतुसाची रचना

आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात.

१. पुंगळी : ही बहुधा पितळेची असते. काडतुसी पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. बार उडताना पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही; दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि बाहेर काढता येते. पितळेच्या या लवचिकपणामुळेच पुंगळी पुन्हा वापरणे शक्य होते.

२. प्रायमर : आघाताने पेटणारे अतिसंवेदनशील मिश्रण भरलेली लहान टोपी. बंदुकीची आघातसुई या टोपीवर आपटते आणि ठिणगी दारूपर्यंत पोहोचते.

३. दारू : काळ्या दारूत सोरा, गंधक व कोळसा असतो. आधुनिक काडतुसांत तिच्या जागी नायट्रोसेल्युलोजवर आधारित निर्धूर दारू वापरतात.

४. गोळी किंवा छर्रे : रायफल व पिस्तूल यांत एक गोळी असते. बारा बोअरसारख्या बंदुकीच्या काडतुसात छर्रे असतात आणि छर्रे व दारू यांच्यामध्ये एक गादी असते.

प्रायमरच्या जागेवरून काडतुसांचे दोन प्रकार पडतात. मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसात तो बदलता येतो. याउलट ‘पॉइंट टू टू’ (.२२) या लहान काडतुसात पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीतच भरलेले असते. बार उडताना ही कडा चेपली जाते, म्हणून अशा काडतुसाचे व्यवहारात पुनर्भरण होत नाही.

इतिहास

तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, गोळी व चिंधी घालून गजाने ठासायची आणि मगच नेम धरायचा, असा क्रम असे. वेळ वाचवण्यासाठी दारू आणि गोळी कागदाच्या एकाच गुंडाळीत बांधण्याची पद्धत रूढ झाली. हेच काडतुसाचे आद्य रूप होय. १८५७ च्या उठावास निमित्त ठरलेली एन्फील्ड रायफलची काडतुसे याच प्रकारची, वंगण लावलेल्या कागदाची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची पुंगळी आली. १८६६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी प्रायमरच्या दोन वेगवेगळ्या रचना प्रचारात आणल्या. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या बुडाला एकच छिद्र असते. ते मधोमध असल्याने जुना प्रायमर आतून सुईने ढकलून सहज काढता येतो. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते व छिद्रे सहसा दोन असतात, त्यामुळे पुनर्भरण अवघड होते. ब्रिटिश अधिकाऱ्याची रचना पुढे अमेरिकेत, तर अमेरिकन संशोधकाची रचना युरोपात अधिक रुजली. अमेरिकेत घरगुती पुनर्भरण फोफावण्यामागे हे एक कारण आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील शिकारी दुकानांपासून दूर राहात असल्याने काडतुसे स्वतःच भरत. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी शक्तिशाली असल्याने अंदाजाने मापून चालेनासे झाले आणि तराजू हे पुनर्भरणाचे मुख्य साधन बनले. विसाव्या शतकात तयार दाबयंत्रे बाजारात आली. ब्रिटिश काळात भारतातही शिकारीची आवड असलेले लोक पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरत.

साधने व बाकाची मांडणी

पुनर्भरणाचे मुख्य साधन म्हणजे तरफेवर चालणारे दाबयंत्र. त्यात पुंगळीच्या मापाचे पोलादी साचे बसवतात. एका वेळी एकच कृती करणारे, साचे फिरवून बदलता येणारे आणि तरफेच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस पुरे करणारे, असे या यंत्राचे तीन प्रकार आहेत. लहान जागेत व नवशिक्यासाठी पहिला प्रकार योग्य मानला जातो. तो मंद असला तरी प्रत्येक टप्प्यावर तपासणीला वाव देतो. याखेरीज सूक्ष्म तराजू, लांबी मोजण्याचे कॅलिपर, प्रायमर बसवण्याचे हातयंत्र, पुंगळ्या उभ्या ठेवण्याची खाचांची फळी आणि दारू उत्पादकाने प्रसिद्ध केलेली प्रमाणपुस्तिका ही साधने लागतात.

दारूचे वजन ‘ग्रेन’ या एककात करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, अर्थात सराफाच्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणारा असावा लागतो.

परदेशांतील लहान सदनिकांत स्वतंत्र खोली उपलब्ध नसते. तेथे दाबयंत्र जाड फळीवर बसवून ती फळी शिकंज्याने भक्कम मेजाला आवळतात आणि काम संपल्यावर काढून ठेवतात. काही जण घडीचा सुतारी बाक वापरतात. यंत्राची तरफ दाबताना मेज हलले तर तराजू डळमळतो, म्हणून तराजूसाठी वेगळा, स्थिर व वाऱ्यापासून दूर असलेला आधार घेतात. दाबयंत्राशिवाय केवळ हातोडीच्या ठोक्यांनी काम करणारे खिशात मावेल असे संचही मिळतात.

जागा लहान असली तरी काही अंतरे टाळता येत नाहीत. बाक स्वयंपाकघरात, देवघरातील समईजवळ, शेगडी किंवा गिझरजवळ मांडत नाहीत. ज्या मेजावर जेवण होते ते मेज या कामासाठी वापरत नाहीत, कारण झाडलेल्या पुंगळ्यांवर शिशाची भुकटी असते. सतरंजी किंवा गालिचा अंथरलेली जमीनही टाळतात. सांडलेली दारू आणि शिशाचे कण त्यात अडकून राहतात. मुलांच्या हाताला लागणार नाही असे कुलूपबंद कपाट ही पहिली अट मानली जाते.

प्रक्रिया

प्रक्रियेचे स्थूल टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. प्रथम प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून घालून तडा गेलेल्या व चेपलेल्या पुंगळ्या बाद करतात. उरलेल्या स्वच्छ करून साच्यातून दाबतात. त्याच वेळी जुना प्रायमर निघतो. वारंवार वापराने पुंगळी लांबते, ती मोजून छाटतात. नंतर नवा प्रायमर बसवतात, प्रमाणपुस्तिकेनुसार दारू भरतात, गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवतात आणि तयार काडतूस पुन्हा मोजतात. शेवटी डबीवर दारूचा प्रकार, वजन व तारीख लिहितात. पितळ दर वापरागणिक कडक होत जाते, म्हणून पुंगळीचे आयुष्य मर्यादित असते.

पुनर्भरणामागे दोन प्रेरणा असतात. काडतुसात पुंगळी हा सहसा सर्वांत महाग घटक असल्याने तिचा पुनर्वापर खर्च वाचवतो. आणि एका विशिष्ट बंदुकीला अनुरूप, एकसारखी काडतुसे तयार करता येत असल्याने लांब पल्ल्याच्या नेमबाजीत अचूकता वाढते.

धोके

फुसका बार : पुंगळीत दारू भरायची राहून गेली तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते. आवाज क्षीण येतो. नेमबाजाने तो न ओळखता दुसरा बार उडवला तर नळी फाटू शकते.

दुप्पट बार : पिस्तुलाच्या अनेक पुंगळ्यांत दारू निम्म्याहूनही कमी जागा व्यापते, त्यामुळे चुकून दोनदा भरलेली दारू वरून लक्षात येत नाही. परिणामी दाब सहनशक्तीपलीकडे जाऊन बंदूक फुटते व हात, डोळे जायबंदी होतात. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्यांत प्रकाश टाकून दारूची पातळी तुलनेने पाहण्याची शिस्त पाळली जाते.

दारूंची गल्लत : शीघ्र व मंद जळणाऱ्या दारू दिसायला सारख्या असू शकतात. यास्तव बाकावर एका वेळी दारूची एकच डबी ठेवतात आणि उरलेली दारू त्याच मूळ डबीत परत ओततात.

साठवण : निर्धूर दारू मोकळ्यावर वेगाने जळते, कोंडलेल्या स्थितीत पेटली तर दाब वाढून स्फोट होतो. त्यामुळे ती जाड पोलादी तिजोरीत ठेवणे अयोग्य ठरते. उत्पादकाच्या मूळ डबीत व लाकडी पेटीत ती ठेवण्याची शिफारस केली जाते. एका प्रायमरचा स्फोट शेजारच्या प्रायमरना पेटवू शकतो, म्हणून प्रायमर मूळ खाचांच्या वेष्टनातच ठेवतात.

शिसे : शिशाचे कण श्वासातून व हातांवरून पोटात जातात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो. लहान घरात हा धोका बंदूक हाती न घेणाऱ्या कुटुंबीयांनाही संभवतो.

या सर्व धोक्यांचे मूळ बहुधा यंत्रात नसून विचलित लक्षात असते. संभाषण, दूरदर्शन किंवा भ्रमणध्वनी चालू असताना हे काम करू नये, असा सर्वच पुस्तिकांचा दंडक आहे.

इतर देशांतील कायदे

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरते पुनर्भरण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय करण्यास लागतो. ब्रिटनमध्ये अग्निशस्त्र प्रमाणपत्रधारकास ते करता येते, मात्र प्रायमरच्या विक्रीवर २००६ च्या कायद्याने निर्बंध आहेत. जर्मनीत स्फोटकविषयक कायद्यानुसार प्रशिक्षण घेऊन, परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतंत्र परवाना मिळवावा लागतो.

भारतातील कायदा

भारतातील शस्त्रनियंत्रणाचा पाया ब्रिटिश राजवटीत, १८७८ च्या शस्त्र कायद्याने घातला गेला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. सध्या त्यासोबत शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत.

अधिनियमाच्या कलम २ मधील ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. तयार काडतुसांबरोबरच दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही तीत समावेश होतो. म्हणजेच पुनर्भरणाचे दाबयंत्र हे सुताराच्या पकडीसारखे साधे अवजार राहात नाही. कायद्याच्या दृष्टीने तेही दारूगोळाच ठरू शकते. कलम ३ अन्वये दारूगोळा बाळगण्यास आणि कलम ५ अन्वये तो तयार करण्यास वेगवेगळे परवाने लागतात. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे तयार करण्याचा परवाना नव्हे. रिकाम्या पुंगळीपासून जिवंत काडतूस तयार करणे ही निर्मितीच होय. परवानाधारकाने स्वतःच्याच बंदुकीसाठी ती केली, या कारणाने तिचे स्वरूप बदलत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून शस्त्रे वा दारूगोळा तयार करण्यास किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या परवानाधारी बंदुकांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली. दारू व प्रायमर यांना स्फोटक अधिनियम, १८८४ आणि स्फोटक नियम, २००८ ही लागू होतात. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपूर येथे आहे.

दाबयंत्रे, साचे व पुनर्भरणाची प्रात्यक्षिके आज चित्रफितींतून कोणालाही पाहता येतात. त्या चित्रफिती त्या-त्या देशाच्या कायद्याच्या चौकटीत तयार झालेल्या असतात. पाहणाऱ्याच्या देशातील कायदा त्या सांगत नाहीत.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात काडतुसांची निर्मिती प्रामुख्याने सरकारी कारखान्यांत होते. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. हे दोन्ही कारखाने त्यांपैकी पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले.

क्रीडा नेमबाजीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत हे खेळाडू आंतरराष्ट्रीय स्तरावर चमकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. १० मीटरच्या स्पर्धांत हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफल व पिस्तुले वापरतात. त्यांत काडतूसच नसते. ५० मीटर रायफल व २५ मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांत .२२ मापाची, म्हणजे पुनर्भरण न होणारी काडतुसे असतात. त्यामुळे ऑलिंपिकचे रायफल वा पिस्तुलाचे पदक मिळवण्यासाठी पुनर्भरणाच्या बाकाची गरज नसते.

सामान्य नागरिक घरी स्वतः बार भरतो असा महाराष्ट्रातील प्रचलित प्रसंग म्हणजे शेतीच्या रक्षणासाठी परवान्याने दिलेली ठासणीची बंदूक होय. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र या बंदुकीत बार भरणे आणि काडतूस तयार करणे या भिन्न गोष्टी आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा दारूगोळ्याशी जुना संबंध आहे. आज विजापूर येथे असलेली ‘मुलूख मैदान’ ही प्रसिद्ध तोफ निजामशाहीच्या काळात, १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. १५९५–९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला असता, तोफगोळे संपल्यावर चांदबीबीने तांब्याचे, चांदीचे व अखेर सोन्याचे गोळे ओतून डागले, अशी आख्यायिका आहे. स्वातंत्र्यानंतर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र स्थिरावले आणि शहराजवळील खारे कर्जुने परिसरात लष्कराचे गोळीबाराचे मैदान आहे.

या मैदानाच्या आसपासच्या गावांत पितळ व लोखंडाच्या भंगारासाठी झाडलेले अवशेष गोळा करण्याचे प्रकार घडत आले आहेत. न फुटलेल्या गोळ्यांशी छेडछाड करताना झालेल्या स्फोटांत येथे जीवितहानीही झाली आहे. सापडलेले जिवंत काडतूस, गोळा किंवा त्याचा भाग हातात न घेता, घरी न नेता पोलीस ठाण्याला कळवणे हाच सुरक्षित व कायदेशीर मार्ग आहे. रिकाम्या वाटणाऱ्या पुंगळीतील प्रायमर न पेटलेला असू शकतो, हे बाहेरून नेहमी ओळखता येत नाही.

जिल्ह्यात बंदुकीचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. परवान्यावर बंदुकीचा तपशील आणि काडतुसांची कमाल संख्या नोंदलेली असते. अधिकृत विक्रेत्याकडील प्रत्येक खरेदीची नोंद ठेवली जाते. घरी भरलेले काडतूस या नोंदींच्या बाहेर राहते, आणि त्यावरील कायदेशीर आक्षेपाचे हे एक प्रमुख कारण आहे. अकोले, संगमनेर, राहुरी या तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर असल्याने बंदुकीच्या परवान्याचा प्रश्न शेतकऱ्यांना जिव्हाळ्याचा वाटतो. तथापि बिबट्या हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे त्याला मारण्याची अनुमती नव्हे; अशा प्रसंगी वनविभागास कळवणे आवश्यक असते.